पार्ल्याच्या काकांना: गाडी आधी मीटर केबिनमध्ये निवडा, शोरूममध्ये नंतर

काका, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगतो. पार्ले पूर्वेला पस्तीस वर्षं जुनी सोसायटी, स्टिल्टखाली स्वतःची एक जागा. दहा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायची आहे, बजेट २० ते २५ लाख. महिन्याला हजारेक किलोमीटर, शिवाय वर्षातून तीन-चारदा चिपळूणजवळचं गाव. इथवर सगळं सोपं आहे, घोळ घरात आहे. मुलगा म्हणतो, थोडं ताणा आणि टेस्ला घ्या. लेक म्हणते, त्या इलॉन मस्कची गाडी आपल्या दारात उभी राहणार नाही. सैन्यातून निवृत्त झालेले धाकटे बंधू म्हणतात, चिनी काही नको, बॅटरीसुद्धा नको. तुमचा स्वतःचा कल टाटाकडे, पण शेजारचे गृहस्थ दर आठवड्याला वसईला पेटलेल्या इलेक्ट्रिक गाडीचा व्हिडिओ पाठवतात. काकूंचं म्हणणं एवढंच की मागे बसून गुडघे दुखायला नकोत.

माझं लोअर परळला गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. पहिली वीस वर्षं ऑइल आणि क्लच प्लेटमध्ये गेली. मग इलेक्ट्रिक गाड्या दारात यायला लागल्या तसं पोरांना ट्रेनिंगला पाठवलं, मीही गेलो. आता निम्मं काम त्याचंच आहे: घेण्याआधी गाडी तपासून देणं, सोसायटीत चार्जरची जागा बघणं, विम्याच्या भांडणात कागद लिहून देणं. कुठल्याही कंपनीची एजन्सी माझ्याकडे नाही, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायचं कारण नाही.

तुमच्या घरातले सगळे ब्रँडवर भांडताहेत आणि मीटर केबिनचा विषय कोणीच काढलेला नाही. मी तिथूनच सुरू करतो.

गेल्या वर्षी मुलुंडला एका सोसायटीत गेलो होतो. गाडी बुक झालेली, डिलिव्हरी आठ दिवसांवर, घरात पेढ्यांचं ठरलेलं. मीटर केबिन जिन्याखाली आणि पार्किंग इमारतीच्या मागच्या अंगाला. टेप धरली तर त्रेचाळीस मीटर भरले. केबिनचं दार उघडलं तर आत जुनी ॲल्युमिनियमची केबल, जोडांवर काळे डाग, आणि अर्थिंगची पट्टी भिंतीतून बाहेर येऊन मध्येच संपलेली. वॉचमन म्हणाला, पावसाळ्यात या दाराला हात लावला की मुंग्या येतात साहेब. त्या घरच्या मुलाने आधीच १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर मित्राची गाडी रात्रभर लावून बघितली होती. सॉकेटचं तोंड पिवळं पडून एका बाजूला वाकलं होतं आणि जवळ गेल्यावर अजून करपट वास येत होता.

त्यात गाडीचा दोष काहीच नव्हता. गाडीबरोबर मिळणारा छोटा चार्जर ३.३ किलोवॉटच्या आसपासचा असतो. तो पंधराएक अँपिअर ओढतो आणि सलग सात-आठ तास ओढतो. आपल्या घरातलं तसंच सॉकेट गीझरला लागतं, तेही पंधरा-वीस मिनिटं. रात्रभर चालण्यासाठी ते बनवलेलंच नाही. त्या जागी निळं इंडस्ट्रियल सॉकेट लावायचं, स्वतःचा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच), गळती पकडणारा आरसीबीओ आणि खरं, मोजून बघितलेलं अर्थिंग. भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्यायचा तर तो ३२ अँपिअर ओढतो. मुलुंडच्या त्या त्रेचाळीस मीटरला मी १० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल सांगितली, वायरमन ६ मध्ये भागवू म्हणत होता. चाललं असतं, पण लांबीत व्होल्टेज पडतं आणि केबल तापते ते वेगळं.

आता तुमचा हिशेब. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे रोजचे तेहतीस. मुंबईच्या गर्दीत मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी किलोमीटरला साधारण पाव युनिटाच्या निम्म्याने वीज खाते, भिंतीपासून गाडीपर्यंतची गळती धरून रोजची पाच युनिटं. ३.३ च्या चार्जरवर हे दीड-दोन तासांचं काम. म्हणजे ७.२ ची तुम्हाला गरजच नाही. तरी केबल मात्र ७.२ ला पुरेल अशी टाकून घ्या. भिंत एकदाच फोडली जाते, आणि पुढच्या वर्षी शेजारचे गृहस्थ व्हिडिओ पाठवणं थांबवून स्वतःच गाडी घेतील, तेव्हा तुमच्याकडेच विचारायला येतील.

वीज कंपनीकडून ईव्हीचं वेगळं मीटर मिळतं, ते घ्या. पार्ल्यात अदानी किंवा टाटा पॉवर, दोघांकडेही त्यासाठी ठरलेला अर्ज असतो. सोसायटीचं ना-हरकत पत्र मात्र गाडी बुक करण्याआधी हातात हवं. कमिटीला दोन भीती असतात, आग आणि लोड. दोन्हींवर तोंडी वाद घालू नका. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून एक पानी लोडचा हिशेब आणि केबलचा मार्ग काढून घ्या आणि सेक्रेटरींच्या हातात ठेवा. कागदावर सही करणं माणसाला सोपं जातं. तुमची जागा सरळ जमिनीवर आहे हे एक बरं. परळ-प्रभादेवीच्या टॉवरमध्ये वरखाली सरकणारं पझल पार्किंग असतं, त्यावर वजन-उंचीची पाटी असते आणि मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्ही दोन टनांच्या घरात जातात. माझ्या एका गिऱ्हाइकाची नवी कोरी गाडी तीन महिने रस्त्यावर उभी होती, कारण लिफ्टचा ठेकेदार ती आत घ्यायला तयार नव्हता.

आता भांडणाकडे येऊ.

मुलाची टेस्ला. कंपनीने १५ जुलै २०२५ ला बीकेसीत मेकर मॅक्सिटीमध्ये भारतातलं पहिलं दालन उघडलं. तेव्हा मॉडेल वायची किंमत शोरूमलाच ५९.८९ लाखांपासून होती, लाँग रेंज ६७.८९ लाख. त्यात मोठा वाटा आयात शुल्काचा, कारण गाडी तयार होऊन बाहेरून येते. ‘थोडं ताणा’ म्हणजे तुमच्या बजेटच्या अडीच पट, काका. मुलाला विचारा, ताणणार कोण. गाडी म्हणून ती उत्तम आहे, त्यात मला शंका नाही. मी चालवून बघितली आहे, चार्जिंगचं आणि सॉफ्टवेअरचं गणित त्यांना जमलंय. पण स्वतःहून चालण्याच्या ज्या करामती मुलगा मोबाईलवर बघतो, त्यासाठी इथे सहा लाख वेगळे सांगतात आणि आपल्या रस्त्यावर ते अजून चालतच नाही. हिंदमाताच्या सिग्नलला ते कसं चालेल याची मला उत्सुकता आहे, पण दुसऱ्याच्या पैशाने. शिवाय गाडी चिपळूणला बिघडली तर? त्यांचं सगळं बस्तान अजून मोजक्या महानगरांत आहे.

लेकीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. २०२५ च्या सुरुवातीला टेस्लाचे मालक मस्क अमेरिकी सरकारात बसून खाती बंद करत होते, तेव्हा तिकडे आणि युरोपात शोरूमसमोर निदर्शनं झाली, गाड्या जाळल्याही गेल्या. युरोपातला खप घसरला. त्या वर्षाअखेर टेस्लाने जगभरात १६.३६ लाख गाड्या दिल्या आणि चीनच्या बीवायडीने निव्वळ बॅटरीवरच्या २२.५६ लाख. त्यात राजकारण किती आणि जुनी पडलेली मॉडेलं व चिनी स्पर्धा किती, हे कोणालाच वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण मालकाच्या वागण्याचा त्रास गिऱ्हाइकापर्यंत पोचतो, एवढं खरं. लोकांनी ‘आम्ही हा माणूस असा आहे हे कळण्याआधी गाडी घेतली’ अशा अर्थाचे स्टिकर लावले होते. मुंबईत कोणी राजकारणावरून तुमच्या गाडीवर ओरखडा काढणार नाही. इथे ओरखडे पार्किंगवरून निघतात.

माझं एवढंच मत आहे की पटत नाही म्हणून गाडी घ्यायची नाही, हे पुरेसं कारण आहे. ते तसंच सांगावं. त्याला तांत्रिक कपडे घालू नयेत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक ‘त्या कंपनीच्या बॅटऱ्या खराब असतात’ म्हणतात, आणि खोदून विचारलं की निघतं की त्यांना त्या कंपनीच्या मालकाची मुलाखत आवडलेली नसते. तुमची लेक सरळ बोलते आहे, तिचं मत जमेस धरा.

बंधूंचं प्रकरण जरा अवघड. त्यांचा राग मला कळतो, २०२० च्या जूनमध्ये गलवानला जे झालं ते विसरायला सांगणारा मी कोण. सरकारनेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला मंजुरी सक्तीची केली होती, आणि २०२३ मध्ये बीवायडीचा हैदराबादच्या एका कंपनीबरोबरचा एक अब्ज डॉलरचा कारखाना नाकारला गेला. पण त्यांना बॉनेट उघडून दाखवायची वेळ आली तर अडचण होईल. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये बॅटरीचे सेल बीवायडीकडून येतात. टाटाच्या समूहातली एक कंपनी चीनच्या गोशनबरोबर भागीदारीत बॅटरी पॅक बांधते. एमजीत चीनच्या साइकचा मोठा हिस्सा आहे आणि सोबतीला आपल्या जेएसडब्ल्यूचा. आणि मुलाची ‘अमेरिकन’ टेस्ला? ती इथे शांघायच्या कारखान्यातून येते. देशात सेल बनवण्याचे कारखाने उभे राहताहेत, साणंदला टाटाचाच येतो आहे, पण तुम्ही आज गाडी घेणार. बॅटरीसुद्धा नको हे पाळायचं असेल तर त्याचा सरळ अर्थ पेट्रोल गाडी असा होतो, आणि ते तेल कुठून येतं हा पुन्हा वेगळा विषय.

त्यांच्या काळजीतला खरा धागा मात्र सोडू नका. तो सुट्या भागांचा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने मोटरीत लागणाऱ्या दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवाना लावला, तेव्हा आपल्याकडच्या कारखान्यांची धावपळ उडाली. सीमेवर काही झालं तर आयातीवर चालणाऱ्या ब्रँडचा हेडलॅम्प चार महिने येणार नाही, हे शक्य आहे. म्हणून इथे जुळणी, इथे गोदाम, इथे वर्कशॉप असलेली कंपनी बरी. कॅमेऱ्यांचा संशय दोन्हीकडून असतो बरं का. चीननेही २०२१ मध्ये आपल्या लष्करी आवारात टेस्ला आणायला बंदी घातली होती, हे बंधूंना सांगा, त्यांना आवडेल.

काही वाद तर निव्वळ करमणूक असतात. महिंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गाडी आणली बीई ६ई नावाने, लगेच इंडिगो विमान कंपनी कोर्टात गेली, कारण ६ई हा त्यांचा कोड. महिंद्राने ‘ई’ काढून टाकला. पंधरा दिवस लोक मला विचारत होते, आता ती गाडी घ्यावी का. नावातलं एक अक्षर गेलं म्हणून ब्रेक कमी लागत नाहीत हो.

आता शेजाऱ्यांचा व्हिडिओ. ती घटना खरी आहे. २०२२ च्या जूनमध्ये वसई पश्चिमेला टाटाची एक नेक्सॉन ईव्ही पेटली, कोणाला इजा झाली नाही, केंद्राने चौकशी लावली. त्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरीही बऱ्याच पेटल्या होत्या, म्हणून भीती पसरली. पुढे बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत. आता एखादा सेल बिघडून तापायला लागला तर आतल्या माणसांना बाहेर पडायला पाच मिनिटं मिळतील इतकी आधी सूचना मिळायला हवी, असं त्यात आहे. तुम्ही आज घेणार ती गाडी या नियमांनंतरची.

शेजाऱ्यांना हेही सांगा की बॅटरीत जाती असतात. एलएफपी म्हणतात ती लोह-फॉस्फेटची, ती उष्णता जास्त सोसते, सहज भडकत नाही, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण १०० टक्के भरायची असते, नाहीतर मीटर चुकीचा आकडा दाखवायला लागतो. दुसरी निकेलवाली एनएमसी, ती वजनाला हलकी, पण रोज ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी. नेक्सॉन, बीई ६, बीवायडी हे एलएफपीवाले, ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक एनएमसीवाली. आम्हा गॅरेजवाल्यांना एलएफपी आवडते, गिऱ्हाइकाने कशीही वापरली तरी फार ओरडत नाही.

आगीपेक्षा मला खालून लागणाऱ्या माराची जास्त काळजी वाटते. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. सप्टेंबरमध्ये एक गाडी लिफ्टवर घेतली, मालक म्हणाले, चार्जिंग मध्येच थांबतंय. खाली टॉर्च मारला तर बॅटरीच्या कव्हरला तळहाताएवढा पोचा, त्याच्या कडेने पांढरी रेघ. रस्त्याचं नवं सिमेंट झालं आणि मॅनहोलचं झाकण चार बोटं वर राहिलं, त्यावरून गेली होती. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने ‘वापरातली झीज’ लिहिलं. दोन महिने कागद खेळले. तुम्ही विमा घ्याल तेव्हा झिरो डेप्रिसिएशनबरोबर (भरपाईतून घसारा न कापणारा विमा) बॅटरीचं वेगळं कव्हर आहे का आणि त्यात खालून बसलेला मार येतो का, हे वाक्य लेखी मागा. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर, टेप लावून बघा. पार्ल्यातले आत्ताचे खोदलेले रस्ते बघता हा आकडा मला रेंजपेक्षा मोठा वाटतो.

पाण्याचं सांगतो. मिलन सबवे तुमच्या जवळच आहे. बॅटरी पॅकला आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, असं प्रमाणपत्र असतं. ते नव्या, न ठोकलेल्या पॅकचं आणि स्वच्छ पाण्याचं. त्याचा अर्थ सबवेत गाडी घाला असा होत नाही. चिपळूणला २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, रात्रभर गाड्या बुडून होत्या. अशी बुडालेली इलेक्ट्रिक गाडी चालू करायची नाही, चार्जरला तर मुळीच लावायची नाही. उचलून न्यायची, तीही चारही चाकं वर घेऊन, टोचन लावून ओढायची नाही.

चिपळूणचा रस्ता तुमच्यासाठी खरी परीक्षा. पार्ल्यापासून अडीचशे किलोमीटर धरा. जाहिरातीतला आकडा विसरा. नेक्सॉनच्या ४५ युनिटांच्या बॅटरीला प्रमाणपत्रावर ४८९ किलोमीटर आहेत, आणि कंपनीच रोजच्या वापराचा म्हणून साडेतीनशेच्या आसपासचा वेगळा आकडा देते, हा प्रामाणिकपणा मला आवडतो. गोवा हायवेला एसी लावून, चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, ऐंशी-नव्वदचा वेग, तर मी तीनशे धरतो. म्हणजे शंभर टक्क्यांवर निघालात तर पोचाल, पण घसा कोरडा पडेल. माणगाव-महाडच्या पट्ट्यात जेवायला थांबा आणि अर्धा तास लावा. घाटाची भीती घेऊ नका. दोन टनांची भरलेली गाडी पाचशे मीटर वर चढवायला जेमतेम तीन युनिटं जास्त लागतात, आणि उतारावर मोटर जनरेटरसारखी चालून त्यातली अर्ध्याहून जास्त परत मिळतात. पेट्रोल गाडी उतारावर काय परत देते? ब्रेकचा वास.

गर्दीच्या दिवसांचं मात्र ध्यानात ठेवा. गणपतीच्या आदल्या दिवशी पेणपासून चार्जरवर रांग लागते, त्यातल्या दोनपैकी एक बंद असतो, आणि पुढच्या माणसाला अ‍ॅप चालवता येत नाही. म्हणून तीन वेगवेगळ्या कंपन्यांची अ‍ॅप मोबाईलमध्ये आधीच पैसे भरून ठेवा. आणि गावच्या घरीही तसंच निळं इंडस्ट्रियल सॉकेट खास गाडीसाठी काढून घ्या. कोकणात अडचण सॉकेटची नसते, अर्थिंगची असते. अर्थिंग नसेल तर गाडीचा चार्जर लाल दिवा लावून गप्प बसतो आणि लोक म्हणतात गाडी बिघडली. विहिरीच्या बाजूला ओलसर जमिनीत नीट खड्डा घ्या, मीठ-कोळसा घाला, तांब्याची पट्टी आणा. वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा, त्याच्या तोंडाच्या शब्दावर जाऊ नका.

पैशाचं पटकन. पेट्रोल १०३ रुपये आणि शहरात ११ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला सव्वानऊ रुपये जातात. घरच्या विजेवर, ८-९ रुपये युनिट धरून, सव्वा-दीड रुपया. हजार किलोमीटरला साडेसात-आठ हजारांची बचत. बाहेरच्या फास्ट चार्जरवर वीस-पंचवीस रुपये युनिट पडतं, तिथे ही बचत आटते. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीला इलेक्ट्रिक मोटारींना टोल नाही. चिपळूणला जाताना शिवडीवरून सेतूने गेलात तर एका बाजूचे २५० वाचतात. जीएसटी ५ टक्केच आहे, पण सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा २८ वरून १८ झाल्यामुळे दोन्हींतला फरक पूर्वीइतका राहिला नाही, हेही विक्रेता तुम्हाला सांगणार नाही.

स्पर्धेचा फायदा घेताना एक चटका बसतो, तो पुनर्विक्रीचा. टाटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्ही १.२० लाखांपर्यंत स्वस्त केली. जानेवारीत घेतलेला माझा एक गिऱ्हाईक महिनाभर कोणाशी नीट बोलत नव्हता. हे सगळीकडे चालू आहे, बॅटरी स्वस्त होते आहे आणि नवी गाडी जुनीला खाली ओढते. म्हणून इलेक्ट्रिक गाडी तीन वर्षांत बदलायची हौस असेल तर घेऊ नका. आठ-दहा वर्षं वापरणार असाल, आणि तुम्ही मागची दहा वर्षं वापरलीत, तर हा विषय तुम्हाला लागूच नाही. बॅटरीची ‘आयुष्यभराची’ वॉरंटी म्हणजे बहुतेक १५ वर्षं आणि पहिल्या खासगी मालकाला. त्यामुळे गाडी मुलाच्या नावावर घ्यायची की तुमच्या, हे आजच ठरवा. नंतर नाव बदललं तर अटी बदलतात.

एमजी विंडसर तुम्ही विचारलीत. २०२४ मध्ये ती ९.९९ लाख आणि बॅटरीचं किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं अशी आली, लोक तुटून पडले. किंमत कमी दिसते, पण भाडं अधिक वीज मिळून किलोमीटरला पाच रुपयांच्या आसपास जातं, आणि दर महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात ते करारात बघावं लागतं. तुमच्याकडे रोख आहे. भाड्याच्या भानगडीत पडू नका, बॅटरीसकट घ्या.

आणि ब्रँड उद्या निघून गेला तर, ही भीती खोटी नाही. शेव्हरोलेने २०१७ मध्ये इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये. त्यांच्या गाड्या आम्ही अजून दुरुस्त करतो, कुर्ल्याच्या बाजारात माल मिळतो. इलेक्ट्रिक गाडीचं तसं नाही. तिच्या कंट्रोल युनिटला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, ते नसेल तर माझ्यासारखा माणूस हात चोळत बसतो. म्हणून नव्याने आलेल्या, अजून पाय रोवत असलेल्या कंपनीची गाडी कितीही देखणी असली तरी तुमच्या वयाच्या माणसाला मी सांगत नाही. तुमच्या मुलाला सांगेन.

माझा कल विचाराल तर तुमच्यासाठी नेक्सॉनची ४५ ची किंवा क्रेटा इलेक्ट्रिक. बीई ६ दिसायला झकास, चालवायला त्याहून झकास, पण मागे बसणाऱ्याला गुहेत बसल्यासारखं वाटतं आणि लांबी-रुंदी तुमच्या स्टिल्टच्या दोन खांबांमध्ये बसते का ते मोजावं लागेल. नेक्सॉन आणि क्रेटा यांतली कुठली, ते चिपळूण ठरवेल. दोन्ही कंपन्यांच्या चिपळूण-खेडच्या वर्कशॉपला स्वतः फोन करा आणि विचारा, तुमच्याकडे हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग झालेला माणूस कायम असतो का, की मुंबईहून बोलवता. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याचं नाव खोडा.

आता काकू. त्यांचा मुद्दा तुम्ही शेवटी लिहिलात, पण त्यांनी बरोबर नस पकडली आहे. बॅटरी फरशीखाली गेली की फरशी वर येते, सीट मात्र तेवढीच उंच राहते. गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात. पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कळत नाही, तासाभराने कळतं. शोरूमवाल्याला सांगून गाडी पाऊण तासासाठी मागा, काकूंना मागे बसवा, तुम्ही चालवू नका, तुम्हीही मागे बसा. पवईपर्यंत जाऊन या. उतरताना त्या कशाला धरून उतरतात ते बघा. मुलगा पुढे बसून स्क्रीन बघत असेल, बघू दे.

पुढच्या शनिवारी गॅरेजला या, दुपारी तीननंतर गर्दी कमी असते. येताना तुमच्या मीटर केबिनचा फोटो आणा, दार उघडून आतून काढलेला, आणि पार्किंगच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजून एका कागदावर लिहून आणा. ब्रोशर नाही आणली तरी चालेल.